लॉर्ड्सचे काम आणि लॉर्ड्सची पत

जुलै २०२४ मध्ये ब्रिटनमध्ये मजूर पक्ष चारशेहून अधिक जागा जिंकून सत्तेवर आला. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून कामगाराला अन्याय्य बडतर्फीविरुद्ध दाद मागता येईल, असे वचन त्याच्या जाहीरनाम्यात होते. प्रचलित कायद्यानुसार हा हक्क मिळण्यासाठी दोन वर्षांची नोकरी पुरी व्हावी लागे. साडेसहाशे सदस्यांच्या हाऊस ऑफ कॉमन्समध्ये या सरकारला अडवू शकेल असा एकही पक्ष उरला नव्हता. तरीही नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस सरकारने हे वचन गुंडाळून ठेवले आणि सहा महिन्यांच्या नोकरीची अट मान्य केली. मालकांच्या आणि कामगारांच्या संघटनांशी त्यासाठी वाटाघाटी झाल्या, हे खरे. पण वाटाघाटींची वेळ आणली ती हाऊस ऑफ लॉर्ड्सने. सहा महिन्यांची दुरुस्ती या वरिष्ठ सभागृहाने पुनःपुन्हा मंजूर करून विधेयक परत पाठवले होते.

ज्यांना एकाही मतदाराने निवडून दिलेले नाही, अशा सदस्यांनी लोकनियुक्त सरकारला माघार घ्यायला लावली. कामगारांच्या बाजूने पाहिले तर हा लोकशाहीचा अपमान ठरतो. छोट्या उद्योजकांच्या बाजूने पाहिले तर घाईने केलेल्या कायद्याला वेळीच लागलेला तो लगाम ठरतो. लॉर्ड्सविषयीचे प्रत्येक मत अखेर या दोन टोकांमध्ये हेलकावे खाते. त्याचे कारण असे की, या सभागृहाचे गुण आणि त्याचे दोष एकाच मुळातून उगवतात. त्याच्या सदस्यांना मतदारांसमोर जावे लागत नाही, म्हणून ते निर्भीडपणे बोलू शकतात. आणि मतदारांसमोर जावे लागत नाही, म्हणूनच त्यांच्यापैकी अनेक जण तिथे का आहेत, याचे उत्तर कोणालाही द्यावे लागत नाही.

दात काढलेला सिंह

विसाव्या शतकाच्या प्रारंभी लॉर्ड्सची स्थिती वेगळी होती. १९०९ मध्ये अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनी जमीनदारांवर नवे कर बसवणारा अर्थसंकल्प मांडला. जमीनदारांनीच भरलेल्या लॉर्ड्सने तो फेटाळला. दोन सार्वत्रिक निवडणुकांनंतर १९११ चा संसद कायदा झाला. आर्थिक विधेयकांवरील लॉर्ड्सचा अधिकार महिनाभराच्या विलंबापुरता उरला आणि इतर विधेयके फार तर दोन वर्षे रोखता येतील, असे ठरले. १९४९ मध्ये ही मुदत एका वर्षावर आली. संपूर्ण नकाराधिकार एकाच महत्त्वाच्या बाबतीत शाबूत राहिला. संसदेचा कार्यकाल वाढवणारे विधेयक, म्हणजे निवडणूक लांबणीवर टाकण्याचा घाट, लॉर्ड्सच्या संमतीवाचून तडीस जाऊ शकत नाही. लोकांनी न निवडलेले सभागृह लोकांच्या मतदानाच्या हक्काचे अखेरचे राखणदार ठरावे, हा ब्रिटिश राज्यघटनेतील एक विलक्षण विरोधाभास आहे.

कायद्याबरोबर संकेतही रुजले. १९४५ मध्ये मजूर पक्षाला प्रचंड बहुमत मिळाले, तेव्हा लॉर्ड्समध्ये हुजूर पक्षीय उमरावांचे वर्चस्व होते. ज्या धोरणाला मतदारांनी जाहीरनाम्याद्वारे कौल दिला आहे, ते दुसऱ्या वाचनाला पाडायचे नाही, असे त्या पक्षाच्या लॉर्ड्समधील नेत्यांनी ठरवले. त्यांच्या घराण्याच्या नावावरून हा 'सॅलिस्बरी संकेत' म्हणून ओळखला जातो. १९५८ च्या कायद्याने तहहयात सदस्य नेमण्याची वाट मोकळी झाली आणि शास्त्रज्ञ, प्राध्यापक, कामगार नेते, वैद्यक क्षेत्रातील मान्यवर यांच्याबरोबर स्त्रियांनाही प्रथमच प्रवेश मिळाला. १९९९ मध्ये टोनी ब्लेअर सरकारने वंशपरंपरागत उमरावांना बाहेर काढले. मात्र तडजोड म्हणून ९२ जागा तात्पुरत्या ठेवल्या. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालय वेगळे झाले आणि लॉर्ड्सची न्यायदानाची परंपराही संपली.

तात्पुरत्या गोष्टी किती टिकतात, याचा त्या ९२ जागा हा उत्तम दाखला ठरला. उमरावांपैकी कोणी निवर्तले की त्या जागेसाठी उमरावांमध्येच पोटनिवडणूक होई. २०१६ मधील अशा एका पोटनिवडणुकीत सात उमेदवार होते आणि मतदार तीन. तिघांचीही मते एकाच उमेदवाराला मिळाली. लॉर्ड्सची टवाळी करणाऱ्यांना याहून अधिक काही शोधावे लागले नाही.

कामाची बाजू

टवाळीपलीकडे पाहिले तर या सभागृहाने केलेल्या कामाची नोंद दुर्लक्षिण्याजोगी नाही. २००८ मध्ये दहशतवादाच्या संशयितांना आरोपपत्राविना ४२ दिवस कोठडीत ठेवण्याची तरतूद कॉमन्सने अवघ्या नऊ मतांनी मंजूर केली होती. लॉर्ड्सने ती ३०९ विरुद्ध ११८ मतांनी फेटाळली आणि सरकारने ती सोडून दिली. २०१५ मध्ये अर्थमंत्री जॉर्ज ऑसबोर्न यांनी कमी पगाराच्या कुटुंबांना मिळणाऱ्या कर सवलतीत कपात करण्यासाठी दुय्यम नियमांचा मार्ग निवडला. ज्यावर पूर्ण चर्चा होत नाही, अशा नियमांद्वारे लाखो कुटुंबांचे उत्पन्न घटवू नये, म्हणून लॉर्ड्सने त्या नियमांची वाट रोखली. महिनाभरात ऑसबोर्न यांनी ती कपात मागे घेतली. २०२० मध्ये बोरिस जॉन्सन सरकारने युरोपीय संघाशी केलेला करार मोडण्याची मुभा देणारी कलमे विधेयकात घातली. ती आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग करतात, हे खुद्द मंत्र्यानेच मान्य केले होते. लॉर्ड्सने ४३३ विरुद्ध १६५ मतांनी ती कलमे वगळली आणि सरकारने पुढे ती सोडून दिली.

२०२५ मधील आणखी एक उदाहरण आजच्या काळाशी थेट जोडलेले आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्या लेखक, संगीतकार आणि चित्रकारांचे साहित्य विनापरवाना वापरतात, तेव्हा काय वापरले हे त्यांनी उघड करावे, अशी दुरुस्ती चित्रपट दिग्दर्शिका बीबन किड्रन यांनी विदा विधेयकाला सुचवली. त्या कोणत्याही पक्षाच्या नाहीत. लॉर्ड्सने अशी दुरुस्ती अनेकदा मंजूर केली आणि कॉमन्सने ती प्रत्येक वेळी फेटाळली. अखेर लॉर्ड्सने संकेत पाळून माघार घेतली. पण तोवर हा विषय तांत्रिक तपशिलातून बाहेर पडून साऱ्या देशाच्या चर्चेत आला होता.

हे काम कशामुळे शक्य होते? १९९९ नंतर लॉर्ड्समध्ये कोणत्याही एका पक्षाचे बहुमत राहिलेले नाही. दीडशेहून अधिक सदस्य कोणत्याच पक्षाचे नाहीत. सदस्याला पुढच्या निवडणुकीचे तिकीट नको असते, मंत्रिपदाची आशा बहुधा मावळलेली असते. त्यामुळे पक्षादेशाची धमकी फारशी चालत नाही. कॉमन्समध्ये सरकार वेळापत्रक ठरवून चर्चा आवरते आणि विधेयकाची अनेक कलमे एकाही शब्दाच्या चर्चेविना मंजूर होतात. लॉर्ड्समध्ये नियमाला धरून असलेली प्रत्येक दुरुस्ती चर्चेला घ्यावी लागते. कायद्याच्या आडून मंत्र्यांना किती अधिकार बहाल होत आहेत, हे तपासणारी लॉर्ड्सची समिती वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत क्वचितच येते. पण प्रत्येक विधेयकाचे तिच्याइतके बारकाईने वाचन क्वचितच कोणी करत असेल.

पत का ढासळली

मग अशा सभागृहाची पत इतकी खालावलेली का? त्याचे उत्तर सदस्य आत कसे येतात, यात आहे. लॉर्ड्सच्या सदस्यसंख्येला कायद्याने कोणतीही कमाल मर्यादा नाही. २०२५ मध्ये सदस्यांची संख्या आठशेच्या वर गेलेली होती. पंतप्रधान किती जणांची शिफारस करू शकतात, यालाही मर्यादा नाही. २००० पासून एक नियुक्ती आयोग आहे. पण पक्षांनी सुचवलेल्या नावांबाबत तो केवळ त्या व्यक्तीच्या सचोटीची तपासणी करतो. ती व्यक्ती कायदे करण्यास योग्य आहे काय, हे ठरवण्याचा त्याला अधिकार नाही. शिवाय त्याचा सल्ला बंधनकारक नाही. डिसेंबर २०२० मध्ये जॉन्सन यांनी हुजूर पक्षाचे माजी खजिनदार आणि देणगीदार पीटर क्रडस यांना आयोगाचा सल्ला डावलून लॉर्ड्समध्ये पाठवले. लिझ ट्रस यांचे पंतप्रधानपद अवघे ४९ दिवस टिकले. तरीही पदत्यागानंतरच्या सन्मान यादीतून त्यांनी तिघांना आयुष्यभराचे आसन मिळवून दिले.

देणगी आणि पदवी यांचा संबंध तर शंभर वर्षांपूर्वीचा आहे. ज्यांनी १९०९ मध्ये उमरावांना आव्हान दिले, त्याच लॉइड जॉर्ज यांच्या पंतप्रधानपदाच्या काळात पदव्यांच्या विक्रीचे प्रकरण गाजले आणि १९२५ मध्ये अशा व्यवहारांना गुन्हा ठरवणारा कायदा करावा लागला. २००६ मध्ये ब्लेअर यांच्या काळात पक्षाला दिलेली कर्जे आणि लॉर्ड्समधील नेमणुका यांविषयी पोलिसांनी चौकशी केली; कोणावरही खटला भरला गेला नाही, परंतु संशयाचा डाग पुसला गेला नाही. अलीकडे मिशेल मोन यांचे प्रकरण गाजले. त्यांच्या पतीशी संबंधित कंपनीने करोनाकाळात पुरवलेल्या शस्त्रक्रियेच्या झग्यांबाबत कराराचा भंग झाल्याचे ठरवून उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सुमारे १२ कोटी २० लाख पौंड भरपाईचा आदेश दिला. मोन डिसेंबर २०२२ पासून सभागृहातून रजेवर आहेत; आसन मात्र तहहयात आहे.

पत ढासळण्याचे दुसरे कारण स्वतः सदस्यांच्या वागणुकीत आहे. लॉर्ड्समध्ये बहुतेकांना वेतन नसते. उपस्थितीच्या दिवसाला साडेतीनशेहून अधिक पौंड भत्ता मिळतो. रोज येऊन समित्यांमध्ये राबणारे सदस्य आहेत, तसे वर्षभर तोंडही न उघडणारे आहेत. जनतेच्या नजरेत दोघेही सारखेच ठरतात, कारण त्यांच्यात फरक करण्याचे साधन जनतेच्या हाती नाही.

लॉर्ड्सचे मोकळे नियम दोन्ही बाजूंनी कसे कापतात, हे मरणासन्न रुग्णांना इच्छामरणासाठी वैद्यकीय साह्य देणाऱ्या विधेयकाने दाखवले. जून २०२५ मध्ये कॉमन्सने ते ३१४ विरुद्ध २९१ मतांनी मंजूर केले. लॉर्ड्समध्ये त्याला हजाराहून अधिक दुरुस्त्या आल्या आणि त्यांतील बहुसंख्य मूठभर सदस्यांच्या होत्या. अपंग आणि असहाय वृद्धांवर दबाव येईल, ही भीती खोटी म्हणता येणार नाही आणि ती बोलून दाखवणे हे पुनर्विचारक सभागृहाचे कर्तव्यच आहे. पण खासगी विधेयकाला मिळणारा वेळ तुटपुंजा असतो. तो दुरुस्त्यांनी भरून काढला की मत न देताच विधेयक बुडवता येते. तपासणी कुठे संपते आणि अडवणूक कुठे सुरू होते, हे ठरवणारा मतदार इथे नसल्यामुळे संयमाचा भार सर्वस्वी सदस्यांवर पडतो.

सुधारणा कोणाला नको आहे

१९११ च्या कायद्याच्या प्रस्तावनेतच वंशाधिष्ठित सभागृहाच्या जागी लोकाधिष्ठित सभागृह आणण्याचा मनोदय नोंदलेला आहे. त्याला शंभरहून अधिक वर्षे उलटली. २००७ मध्ये कॉमन्सने पूर्णतः निर्वाचित वरिष्ठ सभागृहाच्या बाजूने कौल दिला. आठवडाभरात लॉर्ड्सने पूर्णतः नियुक्त सभागृहाच्या बाजूने. २०१२ मध्ये उपपंतप्रधान निक क्लेग यांनी ८० टक्के सदस्य निवडून आणण्याचे विधेयक मांडले. तत्त्वतः ते ४६२ विरुद्ध १२४ मतांनी पुढे गेले. परंतु हुजूर पक्षाच्या ९१ खासदारांनी बंड केले, चर्चेचे वेळापत्रक मंजूर होण्याची आशा मावळली आणि विधेयक सोडून द्यावे लागले.

या अपयशांचे खापर उमरावांच्या माथी फोडणे सोपे आहे. पण खरे कारण कॉमन्समध्ये आणि पंतप्रधानांच्या निवासस्थानात दडलेले आहे. निवडून आलेले वरिष्ठ सभागृह कॉमन्सला बरोबरीच्या नात्याने उत्तर देईल, ही भीती खासदारांना वाटते. नियुक्त्यांचा अधिकार गेला तर निष्ठावंतांना आणि देणगीदारांना काय द्यायचे, हा प्रश्न पंतप्रधानांना पडतो. लॉर्ड्सची दुबळी पत ही कोणत्याही सरकारसाठी सोयीची वस्तू आहे. मतदानात हरले की 'यांना कोणी निवडले?' असे विचारता येते. २०१५ च्या पराभवानंतर हुजूर पक्षाच्या सरकारने दुय्यम नियमांवरील लॉर्ड्सचे अधिकार कमी करण्याचा अहवाल मागवला होता. वर्षानुवर्षे त्याच सभागृहात आपली माणसे भरणाऱ्या पक्षाने ते अनिर्वाचित असल्याची आठवण काढावी, यातला विनोद त्या पक्षाच्याही लक्षात आला असेल.

सप्टेंबर २०२४ मध्ये मजूर सरकारने उरलेल्या वंशपरंपरागत जागा संपवण्याचे विधेयक मांडले. जन्मामुळे कायदे करण्याचा अधिकार मिळणे विसाव्या शतकातही समर्थनीय नव्हते, तेव्हा त्या विधेयकाच्या तत्त्वाविषयी वाद नाही. पण या सुधारणेचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. वंशपरंपरागत सदस्य हे दोष असूनही पंतप्रधानांच्या मर्जीने आलेले नव्हते. ते वगळले की चर्च ऑफ इंग्लंडचे २६ बिशप आणि आयोगाने निवडलेले मोजके सदस्य सोडता जवळजवळ सारे सभागृह आजी-माजी पंतप्रधानांच्या आणि पक्षनेत्यांच्या शिफारशीवर उभे राहते. जन्माचा विशेषाधिकार जातो, मर्जीचा अधिकार अबाधित राहतो.

उपाय अज्ञात नाहीत. २०१७ मध्ये लॉर्ड बर्न्स यांच्या समितीने सदस्यसंख्या सहाशेवर आणावी, दोन जण गेल्याशिवाय एकाला घेऊ नये आणि नव्या सदस्याची मुदत पंधरा वर्षांची असावी, असे सुचवले होते. थेरेसा मे यांनी नेमणुकांत बराच संयम पाळला. त्यांच्यानंतर आलेल्या जॉन्सन यांनी पाळला नाही. कायद्याचे बंधन नसलेला संयम पुढच्या पंतप्रधानापर्यंतच टिकतो, एवढाच त्याचा अर्थ. मजूर पक्षाच्या जाहीरनाम्यात ८० वर्षे हे निवृत्तीचे वय ठरवण्याचे आणि नियुक्तीची पद्धत सुधारण्याचे वचन आहे. यांतील दुसऱ्या वचनावर सारे अवलंबून आहे.

कॅनडाने याबाबत एक वाट चोखाळली आहे. तिथल्या सिनेटचे १०५ सदस्यही निवडून येत नाहीत; पण संख्या ठरलेली आहे आणि ७५ व्या वर्षी निवृत्ती सक्तीची आहे. २०१६ पासून स्वतंत्र सल्लागार मंडळ इच्छुकांचे अर्ज तपासून नावे सुचवते. अंतिम शब्द पंतप्रधानांचाच असल्यामुळे नेमलेल्यांपैकी काहींच्या राजकीय कलाविषयी टीका होते. तरी बहुसंख्य सिनेटर आता पक्षांच्या गटांत बसत नाहीत. निवडणूक न घेताही दाराशी प्रामाणिक पहारेकरी ठेवता येतो, एवढे त्यातून सिद्ध होते.

आपल्या अंगणातून पाहताना

भारतीयांना लॉर्ड्सची ओळख दोन टोकांच्या आठवणींतून आहे. १९१९ मध्ये सत्येंद्र प्रसन्न सिन्हा हे त्या सभागृहाचे पहिले भारतीय सदस्य झाले आणि त्याच वर्षीचा भारत सरकार कायदा त्यांनी तिथून मंजूर करून घेतला. पुढच्याच वर्षी जालियनवाला बागेतील हत्याकांडाच्या सूत्रधाराला, जनरल डायरला, दिलेली वागणूक अन्यायाची असल्याचा ठराव याच सभागृहाने १२९ विरुद्ध ८६ मतांनी संमत केला. कॉमन्सने मात्र सरकारची बाजू उचलून धरली होती. मतदाराचा धाक नसलेले सभागृह निर्भीड असते, तसेच ते निष्ठुरही होऊ शकते.

गोव्याच्या इतिहासात आणखी एक धडा आहे. पोर्तुगालच्या १८२६ च्या सनदेने उमरावांचे सभागृह निर्माण केले होते; ते १९१० मध्ये राजेशाहीबरोबर संपले. सालाझारच्या १९३३ च्या संविधानाने व्यवसाय आणि संस्थांच्या प्रतिनिधींचे 'कॉर्पोरेटिव्ह चेंबर' उभे केले. त्यातही जाणकार होते. पण शेजारचे निर्वाचित म्हणवणारे सभागृहच स्वतंत्र नसल्यामुळे त्या जाणकारीने हुकूमशाहीला कधी लगाम बसला नाही. अनिर्वाचित सभागृहाला काही मोल येते ते त्याच्या शेजारी मुक्तपणे निवडलेले, सत्ता बदलू शकणारे सभागृह असते तेव्हाच.

गोव्यात विधान परिषद नाही. घटनेनुसार परिषदेत किमान चाळीस सदस्य हवेत आणि इथे विधानसभेचेच आमदार चाळीस आहेत. वरिष्ठ सभागृहाशी गोमंतकीयांचा संबंध राज्यसभेतील एका जागेपुरता आहे. राज्यसभेचे बहुतांश सदस्य आमदारांकडून निवडले जातात, म्हणून तिची लॉर्ड्सशी सरसकट तुलना करता येत नाही. ती करायची तर राष्ट्रपतिनियुक्त बारा सदस्यांपुरती. त्या आसनांवर महामहोपाध्याय पां. वा. काणे आणि मामा वरेरकर यांच्यासारखी माणसे बसली, हे मराठी वाचकाला अभिमानाचे वाटते. पुढे लता मंगेशकर आणि सचिन तेंडुलकर यांच्या नेमणुकांनंतर उपस्थितीवरून टीका झाली. थोर कलावंत वा खेळाडू आणि कामसू संसदपटू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून दिसले. महाराष्ट्रात तर नोव्हेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने राज्यपालांकडे पाठवलेली विधान परिषदेच्या बारा सदस्यांची यादी निर्णयाविना पडून राहिली, सरकार बदलल्यावर ती मागे घेतली गेली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सात जणांची नेमणूक झाली. साहित्य, कला, विज्ञान, सहकार आणि समाजसेवा यांसाठी राखलेल्या त्या जागा चार वर्षे पक्षीय रस्सीखेचीत रिकाम्या राहिल्या आणि त्यावाचून सभागृहाचे काय अडले, हे विचारण्याची गरजही कोणाला वाटली नाही.

म्हणूनच लॉर्ड्सचा प्रश्न केवळ ब्रिटनचा नाही. ज्ञान आणि अनुभव यांना कायदेमंडळात जागा हवी, हे मान्य केले तर त्या जागेची किल्ली कोणाकडे असावी, हे ठरवावे लागते. ती एकट्या सत्ताधाऱ्याकडे राहिली तर जाणकारांच्या मागून निष्ठावंत येतात, मग देणगीदार येतात आणि शेवटी जाणकारांच्या चांगल्या कामावरही कोणी विश्वास ठेवत नाही. हाऊस ऑफ लॉर्ड्सने चुकीचे कायदे अनेकदा रोखले आहेत. आपल्या दारातून कोण आत येते, हे मात्र ते सभागृह आजवर रोखू शकलेले नाही, कारण त्या दाराची किल्ली त्याच्या हाती कधी दिलीच गेली नाही.